शेंगदाण्याशिवाय घानाचं शेंगदाणा सूप कोणी केलंय का? (तातडीची मदत हवी आहे)

टेमाकर

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाईची आहे. पुढच्या रविवारी लेकीला नऊ पूर्ण होतात. केक, पावभाजी काही नको, 'टेमातलं लाल सूप' हवं असं तिने जाहीर केलंय.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही चार वर्षं घानात होतो, अक्राच्या पूर्वेला टेमा बंदर आहे तिथे. घरी मदतीला येणाऱ्या मावशी दर शनिवारी न्काटेन्क्वान करायच्या. त्वी भाषेत न्काटे म्हणजे शेंगदाणे, न्क्वान म्हणजे सूप. म्हणायला सूप, पण आपल्या हिशेबाने चिकनचा दाट रस्साच. टोमॅटो, कांदा, आलं, झणझणीत मिरची आणि भाजलेले दाणे वाटून वाटून लोण्यासारखा केलेला गोळा. वर लाल तवंग आल्याशिवाय मावशी गॅस बंद करू द्यायच्या नाहीत. सोबत फुफू (कसाव्याचा कंद आणि कच्ची केळी उकडून, कुटून केलेला लुसलुशीत गोळा) किंवा भाताचे मऊ गोळे. फुफू चावायचा नसतो, गिळायचा असतो, हे लेकीने तिसऱ्या वर्षीच शिकून घेतलं आणि इथे येऊन आजीला शिकवायला गेली.

आता अडचण. धाकटा चार वर्षांचा आहे. दीड वर्षापूर्वी शेजारच्या आजींनी प्रेमाने गूळदाण्याचा लाडू दिला आणि पंधरा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांध्या, उलट्या. रात्र हॉस्पिटलात गेली. तपासण्यांत शेंगदाणा आणि काजू पक्के निघाले (काजू बंद म्हणून पिस्ताही बंद), तीळ संशयास्पद म्हणून तेही बंद. खोबरं, हरभरा डाळ, चिकन, मासे नेहमी खातो, काही होत नाही. सूर्यफुलाच्या बिया डॉक्टरांनी तपासून 'चालतील' सांगितलंय, पण अजून रांधून दिलेल्या नाहीत.

आतापर्यंतचे प्रयोग:
ओलं खोबरं घालून केलं. नवरा म्हणाला, 'मालवणी फक्कड जमलंय.' म्हणजे नापास.
मगज (खरबूज-कलिंगडाच्या सोललेल्या बिया) भिजवून वाटून घातला. रस्सा पांढुरका आणि रवाळ, तोंडात कण लागत होते.
नुसता टोमॅटो-कांदा जास्त आटवला. ती आपली नेहमीची चिकन करी झाली.

वेगळं पातेलं करून त्याला बाजूला बसवायचं नाहीये. बहिणीच्या वाढदिवसाला त्याच पातेल्यातलं त्यालाही वाढायचंय. दाटपणा, भाजका स्वाद आणि तो तवंग कशाने येईल?

गप्पिष्ट_कोल्हापूर

सोपंय की. पंढरपुरी डाळं घ्या, मिक्सरला पीठ करा, रस्स्यात लावा. आमच्यात मटणाच्या रस्स्याला घालतात, मस्त अंग येतं. दाण्याची आठवणसुद्धा होणार नाही.

दोन_डबे

थांबा! डाळं नको. निदान बाजारातलं तरी नको.

माझा मुलगा अकरा वर्षांचा, शेंगदाण्याचीच अ‍ॅलर्जी. फुटाणेवाल्याच्या भट्टीपाशी एकदा पाच मिनिटं उभ्या राहा. त्याच कढईत, त्याच वाळूत आधी शेंगदाणे, मग फुटाणे. चाळणी तीच, माप तेच. आम्ही हे चुकून शिकलो. डाळंच घालायचं तर साधी हरभरा डाळ पाकीटबंद आणा आणि घरी कोरडी भाजा.

दुसरं, तेल कुठलं वापरता? कारखान्यात पूर्ण रिफाइन केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, पण लाकडी घाण्याच्या तेलात उरतं, आणि अ‍ॅलर्जी प्रथिनाचीच असते. आणि घाण्यावर सकाळी शेंगदाणा निघतो आणि दुपारी त्याच लाकडात सूर्यफूल किंवा खोबरं. बाटलीवर 'सूर्यफूल' लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका.

तिसरं, मिक्सरचं भांडं. पातं काढून बघा, वॉशरच्या खाली काय असतं ते. माझ्याकडे महिन्याचं दाण्याचं कूट निघालं होतं. नवीन भांडं घ्या, झाकणावर खूण करा. लाकडी उलथनं, पाटा-वरवंटा यांची नावंच नकोत.

पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. आपल्याकडच्या लेबलच्या नियमांत शेंगदाणा आणि काजू-बदामासारखा सुकामेवा जाहीर करावा लागतो, तीळ मात्र त्या यादीत नाही. त्यामुळे तिळाचा संशय असेल तर घटकांची अख्खी यादी वाचायची.

टेमाकर

दोन_डबे, आत्ता उठून तेलाची बाटली बघितली. घाण्याचं सूर्यफूल! वर्षभर तेच वापरतेय, नशीब म्हणायचं. उद्याच घाणेवाल्याला विचारते.

गप्पिष्ट_कोल्हापूर

भट्टीचं खरंच डोक्यात आलं नव्हतं. सॉरी ताई.

कुमासीचा_मामा

घानातच कुमासी शहरात सहा वर्षं होतो, त्यामुळे या विषयावर बोलायचा हक्क आहे असं समजतो.

ताई, तुमचे तिन्ही प्रयोग एकाच जागी अडलेत: स्निग्धांश आणि भाजणं. शेंगदाण्यात जवळपास निम्मं वजन तेलाचं असतं. भाजून भरपूर वाटलं की ते सुटतं, रस्स्यात शिजताना वर येतं, तोच तुमच्या मावशींचा तवंग. हरभरा डाळीत तेल जेमतेम पाच-सहा टक्के. ती रस्सा दाट करेल, पण तवंग कुठून आणणार? खोबऱ्यात तेल आहे, पण त्याचा वास दुसरीकडेच नेतो. सूर्यफुलाच्या सोललेल्या बियांत मात्र शेंगदाण्याइतकंच तेल असतं. मगजातही भरपूर असतं, पण तुम्ही तो न भाजता भिजवून वाटलात. तेल सुटलंच नाही.

एक किलो हाडासकट चिकनला दोनशे ग्रॅम सूर्यफुलाच्या बिया. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर आठ-दहा मिनिटं, हात थांबवायचा नाही. रंग फिकट बदामी झाला की लगेच ताटात काढा, कढईत ठेवल्या तर तिच्याच धगीने करपतात आणि कडू होतात. कोमट असतानाच मिक्सरला लावा. आधी पीठ होईल, मग भांड्याच्या कडेला चिकटून गोळा होईल, इथे बहुतेक जण थांबतात. थांबू नका. कडा खरवडत, मिक्सर गार करत आणखी आठ-दहा मिनिटं, चमच्यावरून धार पडेपर्यंत. पाणी अजिबात नको.

चिकन कांदा, आलं, लसूण, मीठ लावून त्याच्याच पाण्यात अर्धं शिजवा. टोमॅटो चार, अख्खे उकडून वाटून, गाळून. वेगळ्या पातेल्यात पेस्ट आणि टोमॅटो एकत्र परता, मंद आचेवर, कडेला तेल दिसेपर्यंत. मग चिकनचं पाणी थोडं थोडं घाला, एकदम ओतलंत तर गुठळ्या. शेवटी चिकन. झाकण तिरपं ठेवून अर्धा-पाऊण तास. तिथे अख्खी मिरची देठासकट सोडतात आणि वाढण्याआधी काढतात, म्हणजे पोरांना नुसता वास. आपल्याकडे त्या मिरचीचा फळासारखा सुगंध मिळत नाही, तेवढं सोडून द्या. मासे चालतात म्हणालात ना? सुका बांगडा विस्तवावर भाजून काटे काढून एक तुकडा टाका. तिकडे धुरावलेला मासा घालतात, त्याच्या जवळ जाईल.

सोडा चुकूनही घालू नका. सूर्यफुलाच्या बियांतला एक घटक अल्कलीत हिरवा होतो. बायकोने या पेस्टची बिस्किटं केली होती, आतून पोपटी निघाली. विषारी नसतं, पण वाढदिवसाला हिरवं लाल सूप नको.

भाताच्या गोळ्यांना इंद्रायणी. पाणी जास्त घालून गिचका शिजवा, डावाने घोटा, ओल्या हाताने मुटके वळा. बासमतीचे वळत नाहीत.

जुनाजाणता

आमच्या लहानपणी असल्या अ‍ॅलर्ज्या नव्हत्या. थोडं थोडं देत गेलं की सवय होते पोरांना.

दोन_डबे

काका, थोडं थोडं देणं हे डॉक्टरांसमोर, मोजून, आणीबाणीचं इंजेक्शन हाताशी ठेवून करतात. वाढदिवसाच्या पंगतीत नाही.

टेमाकर, त्यावरून आठवलं: सूर्यफूल पहिल्यांदा देताय तर वाढदिवसाच्या गडबडीत नको. आधी कसं नि किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारा आणि ते सांगतील तसं आठवड्यातच उरका.

लेगॉसवाली

मला वेगळंच सुचवायचंय. शेंगदाणा मुळात आफ्रिकेचा नाहीच, दक्षिण अमेरिकेतून पोर्तुगिजांबरोबर आला. त्याआधीपासून पश्चिम आफ्रिकेत बंबारा शेंगा (दाण्यासारख्याच जमिनीत धरणाऱ्या तिथल्या शेंगा) होत्या, आणि आमच्या नायजेरियात एगुसी. एगुसी म्हणजे कलिंगडाच्या जातीतल्या एका फळाच्या बिया, आपल्या मगजाची चुलतबहीण. पूड करून लाल पामतेलात परततात आणि भरपूर पालेभाजी घालतात. त्यात कण लागणं हा दोष नसतो, तीच तर मजा! ज्या सुपात दाणा नव्हताच ते करा. मात्र एगुसीचं तयार वाटण घेऊ नका, स्वस्त पडावं म्हणून त्यात दाणे मिसळणारे असतात. सुया म्हणजे तिकडचं काडीला लावून भाजलेलं तिखट मांस, त्याचा तयार मसालाही नको, त्यात दाण्याची पेंडच असते.

टेमाकर

लेगॉसवाली, एगुसी दिवाळीनंतर नक्की. पण या रविवारी 'लाल सूप'च हवंय, नाहीतर घरात निषेध मोर्चा निघेल.

टेमाकर

सोमवार, वृत्तांत.

डॉक्टरांशी बोलून मंगळवारी त्यांच्याच दवाखान्यात धाकट्याला पेस्ट मोजून दिली, दोन तास बसवून ठेवलं. काही झालं नाही. नवीन भांडं, नवं उलथनं, रिफाइन तेल. घाणेवाले म्हणाले, 'ताई, शेंगदाण्यानंतर आम्ही घाणा पुसून घेतो की.' पुसून! बाटली शेजारी देऊन टाकली.

पेस्टला चौदा मिनिटं लागली, मध्ये मिक्सर इतका तापला की दोनदा थांबावं लागलं. टोमॅटोबरोबर परतताना रंग मातकट दिसत होता, मला रडू यायचं बाकी होतं. पाऊण तासाने झाकण काढलं तर कडेकडेने लाल तेल, मग मध्येही. नवऱ्याला हाक मारून दाखवलं.

लेकीने पहिला घास घेतला आणि म्हणाली, 'हे मावशींचं नाहीये.' मग तीन मुटके संपवले. धाकट्याने त्याच पातेल्यातून दोनदा मागून घेतलं आणि मुटका चावून खाल्ला, त्यावरून ताईचा ओरडा खाल्ला. चव दाण्यापेक्षा किंचित तुरट वाटली. मामा, पुढच्या वेळी बिया कमी भाजू का?

आणि वाटीभर पेस्ट उरलीये, फ्रीजमध्ये आहे. तिचं काय करू?

कुमासीचा_मामा

दोन मिनिटं कमी भाजा आणि टोमॅटो एक वाढवा, तुरटपणा जाईल.

दोन_डबे

पेस्ट भाकरीला लावा, वर लाल तिखट-मीठ. आणि पुढच्या खेपेला थोड्या बिया जास्तीच्या भाजा, पेस्ट करू नका. लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून खलबत्त्यात भरड कुटा. खलबत्ता मात्र नवा, दगडी जुना नको. आमच्याकडे शेंगाचटणीच्या बरणीत आता हीच असते.