गुन्हा का घडतो : कोणता सिद्धान्त लावावा? (मदत हवी आहे)

कातरवेळ :
मला गुन्ह्याच्या समाजशास्त्रीय सिद्धान्तांची तुलना हवी आहे. मर्टन, सदरलँड, हर्शी आणि बेकर हे चौघेही अभ्यासक वाचून झाले आहेत. परंतु ज्याला वाचावे तोच बरोबर वाटतो आणि वही उघडली की एक ओळ सुचत नाही. यांपैकी सर्वांत योग्य कोणता, एवढेच सांगावे. ‘आधी सगळे नीट वाचा’ हा सल्ला कृपया नको, कारण शुक्रवारी लेखन द्यायचे आहे.

उंबरठा :
कोणत्या अभ्यासक्रमासाठी, किती गुणांसाठी? शिवाय ‘योग्य’ म्हणजे कोणत्या गुन्ह्यासाठी योग्य? पाकीटमारी आणि कौटुंबिक हिंसा यांना एकच किल्ली लागेल असे वाटत नाही.

जुनी सायकल :
निःशंकपणे मर्टन. मी हा विषय अनेक वर्षे शिकवला आहे आणि विद्यार्थ्यांना तोच चटकन समजतो. समाज सर्वांपुढे संपत्तीचे एकच ध्येय ठेवतो, परंतु तेथवर जाण्याचे सनदशीर मार्ग मोजक्यांनाच मोकळे असतात. या ताणातून जो ध्येय स्वीकारतो पण मार्ग सोडतो, तो गुन्ह्याकडे वळतो, असे त्याने १९३८ मध्ये मांडले. गरीब वस्त्यांमधील चोऱ्या यानेच उलगडतात.

सांजसावली :
मग त्याच वस्तीतील बहुसंख्य गरीब चोरी का करत नाहीत? हर्शीने १९६९ मध्ये नेमका हाच प्रश्न उलटा करून विचारला. आपल्या माणसांविषयीची ओढ, भवितव्यात घातलेले कष्ट, कामात गेलेला वेळ आणि नियमांवरील विश्वास हे चार बंध सैल झाले की गुन्ह्याला वाट मिळते. माझे बालपण चाळीत गेले. घरी कोणी वाट पाहणारे होते ती मुले सावरली, एवढे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

माळरान :
आपण सगळे ‘गुन्हेगार’ हा शब्द गृहीत धरून बोलत आहोत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातींच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या आणि सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे अशा जमातींना डांबून ठेवण्याच्या वसाहतीत, माणसांना तारेच्या कुंपणाआड हजेरी द्यावी लागली. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, तरी चोरी झाली की पोलिसांची पावले आजही पारध्यांच्या पालाकडेच वळतात. समाज ज्याच्यावर शिक्का मारतो तोच गुन्हेगार ठरतो, असे बेकरने १९६३ मध्ये सांगितले. तो शिक्का हाच, आणि त्याला वगळून केलेली तुलना अपुरीच राहील.

जुनी सायकल :
मुद्दा मोलाचा आहे, परंतु कोणाला गुन्हेगार म्हटले जाते हे त्याने कळते. शिक्का बसण्यापूर्वीचा पहिला गुन्हा का घडला, हे कळत नाही.

उंबरठा :
धागाकर्त्या कुठे आहेत? गुन्हा कोणता, हे अजूनही कळलेले नाही.

कातरवेळ :
क्षमस्व, ते लिहायचेच राहिले. एम.ए.च्या दुसऱ्या सत्राचे २० गुणांचे लेखन आहे. प्रसंग दिलेला आहे : पतसंस्थेचा एक व्यवस्थापक, वय ५२, सुखवस्तू, गावात मान असलेला, सात वर्षे खोटी कर्जखाती दाखवून ठेवीदारांचे पैसे वळवत होता.

उंबरठा :
हे पहिल्याच ओळीत हवे होते! हा माणूस ना गरीब आहे, ना एकटा. सदरलँडने १९३९ मध्ये ‘पांढरपेशा गुन्हा’ ही कल्पना मांडली ती अशांसाठीच : गुन्ह्याचे मूळ दारिद्र्यात शोधणारे सिद्धान्त प्रतिष्ठितांचे गुन्हे मोजतच नाहीत, असा त्याचा आक्षेप होता. त्याच्या मते गुन्हा निकटच्या सहवासातून शिकला जातो. त्यात युक्त्या येतात आणि स्वतःला पटवायची कारणेही. पुढे त्याने अमेरिकेतील ७० बड्या कंपन्यांच्या कायदेभंगांवर पुस्तक लिहिले, तेव्हा १९४९ च्या आवृत्तीतून त्या कंपन्यांची नावे वगळावी लागली आणि ती छापली जायला १९८३ उजाडले. सदरलँडचाच विद्यार्थी क्रेसी अफरातफरीबद्दल तुरुंगात असलेल्यांना भेटला होता. कोणाला सांगता न येणारी पैशाची अडचण, हाती असलेला विश्वासाचा अधिकार आणि ‘मी केवळ उसने घेतो आहे’ ही मनाची समजूत, अशी त्याची १९५३ ची मांडणी आहे. आपल्या प्रसंगाला याहून जवळचे काही नाही.

सांजसावली :
तरीही हर्शी सोडू नये. या माणसाचा नियमांवरील विश्वासच आधी ढळला असणार.

उंबरठा :
उरलेले तिन्ही बंध घट्ट असून तो सात वर्षे चोरी करत राहिला, त्याचे काय? शिवाय हर्शीच्या अभ्यासाची माहिती कॅलिफोर्नियातील शाळकरी मुलांची होती, ती पन्नाशीच्या व्यवस्थापकाला लावताना जपावे लागेल.

जुनी सायकल :
मर्टनही बाद होत नाही. यशाच्या अमेरिकी स्वप्नाला थांबण्याची जागाच नसते, हे त्यानेच नोंदवले आहे. पोट भरलेल्यालाही ताण असतोच.

हिशेबनीस :
ठेव अडकली असेल तर वेळ दवडू नये. जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी तक्रार करून सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८३ खाली चौकशी मागावी आणि ठेवपावत्यांच्या प्रती जोडाव्यात.

कातरवेळ :
हिशेबनीस, माझी ठेव कुठेही नाही, तो प्रसंग काल्पनिक आहे. मुख्य मांडणी सदरलँड व क्रेसीची करते, मर्टनला विरोधी बाजूला बसवते आणि हर्शी का तोकडा पडतो ते एका परिच्छेदात लिहिते. माळरान, शिक्क्याचा मुद्दाही घेईन : सात वर्षे या व्यवस्थापकावर कोणालाच संशय का आला नाही, हे बेकरकडूनच विचारता येईल ना?

माळरान :
येईल. तेथूनच सुरुवात करावी.