पाठदुखीवर ऑफिसातला योगवर्ग : उपाय की देखावा?

सातपूरचा बाबू : आपल्या नाशकात अंबड-सातपूरच्या ऑफिसांत नवी टूम आलीय. शनिवारी सकाळी योगशिक्षक येणार, तासभर आसनं, ग्रुप फोटो, झालं! सोमवारपासून पुन्हा त्याच डुगडुगत्या खुर्चीत नऊ तास. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी (आपल्या गंगापूर रोडच्या सोमेश्वर मंदिरात नव्हे). हा पैसा बऱ्या खुर्च्यांवर घाला आणि माणसाला अधूनमधून उठू द्या.

गोदाकाठी : टोकाचं बोलताय. तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या कंबरदुखीला गोळ्यांच्या आधी व्यायाम, योग असे उपाय करून बघा, असं अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्येच सांगितलंय. आणि हे नाशकात बसून म्हणताय? योगशिक्षक विश्वास मंडलिकांना २०१८ चा पंतप्रधान योग पुरस्कार मिळाला तो इथल्याच कामासाठी.

सातपूरचा बाबू : पुरस्काराने माझी कंबर सुटत नाही हो. कॉक्रेनचा, म्हणजे जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा, आढावा वाचा. काहीच न करण्यापेक्षा योग बरा, पण फरक थोडाच. पाठीच्या इतर व्यायामांशी तुलना केली तर जवळपास सारखंच. मग कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चाललं तर काय बिघडलं?

फिजिओताई : दोघंही पाठदुखी म्हणजे एकच दुखणं धरून चाललात. माझ्याकडे येणाऱ्यांत गादी सरकलेलेही असतात. अशांनी चाळीस जणांच्या वर्गात, शेजारचा वाकतोय म्हणून पश्चिमोत्तानासन किंवा हलासन करायला जाऊ नये. कळ पायात उतरू शकते. मकरासन, मार्जारासन, जमेल तेवढंच भुजंगासन, तेही आधी तपासून घेऊन. लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा पायातली ताकद गेली, तर आसन नाही, थेट हॉस्पिटल. आणि बाबूराव, महागड्या खुर्चीतही न हलता बसलात तर पाठ आखडणारच. कंबरेचा पट्टा लावून फिरणाऱ्यांनाही सांगते : जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीत सरसकट पट्टा नको असंच म्हटलंय.

गोदाकाठी : ताई, पटलं. चाळीस जणांचा वर्ग नकोच. आमच्याकडे दहा जणांची तुकडी असते, मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी चारला, वीस मिनिटं.

सातपूरचा बाबू : चारला? म्हणजे कामाच्या वेळेत? मग भांडण कशाला! आमच्याकडे सुट्टीच्या दिवशी सकाळी सातला बोलावतात, वर हजेरी घेतात.