मॅचिंग सेट की एकेक पारखून घेतलेलं भांडं?

जाड_बूड:
दोन दिवस झाले, "नजरेत भरणारं स्वयंपाकघर" अशी एक पोस्ट जो तो पुढे ढकलतोय. म्हणणं थोडक्यात असं, की जुनी विजोड भांडी काढून टाका, एकाच रंगाचा बारा नगांचा नॉनस्टिक सेट घ्या, त्याच रंगाच्या प्लेटा आणि बोल घ्या, कारण पाहुण्यांना घराची पारख भांड्यांवरून होते. वर "विजोड भांडी म्हणजे निष्काळजीपणा" असंही लिहिलंय. ते वाचल्यावर राहवलं नाही म्हणून हा धागा.

भांडी घ्यायची सगळ्यात वाईट पद्धत म्हणजे सेट. बारा नगांत चार-पाच तर झाकणंच मोजलेली असतात, उरलेल्यांतली दोन-तीन रोज ओट्यावर येतात आणि बाकीची फडताळात जागा अडवून बसतात. पण खरा घोटाळा पुढेच आहे, सेट म्हटला की सगळं एकाच धातूचं, एकाच लेपाचं आणि स्वयंपाकातली कामं मात्र एकसारखी नसतात. अंड्याला निसरडा पृष्ठभाग लागतो, टोमॅटो-लिंबाच्या आंबट रश्शाला स्टील बरं, खरपूस रंग आणायचा तर जड, तापून राहणारा तवा हवा आणि दुधाला जाड बूड हवं. एकच लेप या सगळ्याला कसा पुरणार?

नुसतं स्टील उष्णतेच्या बाबतीत फार मंद, अ‍ॅल्युमिनियम त्याच्या साधारण 15 पट आणि तांबं 25 पट उष्णता वाहून नेतं. म्हणून पातळ स्टीलच्या पातेल्यात बरोबर आचेच्या वर गोल करपतं आणि कडेचं कच्चं राहतं. ट्रायप्लाय, म्हणजे स्टीलच्या दोन थरांमध्ये अ‍ॅल्युमिनियम दाबून बनवलेलं भांडं, घेताना मधला अ‍ॅल्युमिनियमचा थर कडेपर्यंत गेलाय की फक्त बुडाला चकती बसवलीये ते बघा, चकती असली तर बुडाजवळ बाहेरून सांधा दिसतो.

दुकानात रंग बघण्याआधी भांडं सपाट जागेवर ठेवून काठावर बोट दाबायचं, डुगडुगलं तर परत. दांडी धरून उचलायचं आणि भरल्यावर किती जड होईल याचा अंदाज घ्यायचा. झाकण उलटं करायचं, कडेला पोकळ दुमड असली तर खरकटं पाणी तिथेच साचणार. काठ बाहेरच्या बाजूला वळलेला असला तर ओतताना धार अंगावरून ओघळत नाही. इंडक्शन असेल तर बुडाला चुंबक लावून बघायचा, नीट चिकटला पाहिजे.

आणि पाहुण्यांसाठी म्हणाल तर जुळायला हव्यात फक्त जेवायच्या प्लेटा. त्याही पांढऱ्या आणि सुट्या मिळणाऱ्या, म्हणजे एक फुटली तर तशीच दुसरी आणता येते. वाढायची भांडी वेगवेगळी असली तर टेबलाला उलट शोभाच येते.

ओटा_चकाचक:
असहमत, आणि जरा रागानेच लिहितेय. सेट घेणारी माणसं अडाणी असतात असा सूर लागलाय तुमचा. माझं स्वयंपाकघर एवढंसं आहे, माझ्या सेटमधली तीन भांडी एकात एक बसतात, एकच झाकण दोघांना चालतं, दांडी काढता येते, सगळं मिळून एका खणात. तुमची पारखून घेतलेली पाच भांडी पाच आकारांची असतात आणि एकमेकांवर ठेवली की मनोरा कलंडतो, वरचं काढायला खालची सगळी हलवा.

आणि दिसणं हा मुद्दा तुम्ही पाहुण्यांवर ढकललात. पाहुणे महिन्यातून एकदा येतात हो, ओट्यासमोर रोज मी उभी असते. ते सगळं एका रंगात, नीट मांडलेलं दिसलं की मला स्वयंपाकाला हात घालावासा वाटतो, हे कारण पुरेसं नाही का? त्यात माझं मनगट दुखरं आहे, दोन्ही हातांनी उचलायचा तुमचा तो जड तवा माझ्या काय उपयोगाचा.

बिडाचा_गडी:
धागाकर्त्याशी सहमत, पण ट्रायप्लायचं एवढं कौतुक कशाला ते कळलं नाही. बिडाचा तवा आणि बिडाची कढई एवढं असलं की बाकी काही लागत नाही. उष्णता सगळीकडे सारखी पसरते, पिढ्यान् पिढ्या टिकतं. नॉनस्टिक म्हणजे विष, घरात ठेवूच नये. आमच्याकडे एका नातेवाइकांनी भेट दिलेला सेट मी तसाच बॉक्समध्ये परत पाठवला, तेव्हापासून ते बोलत नाहीत, न बोलूदेत.

कोरडं_फडकं:
@बिडाचा_गडी, दोन गोष्टी सरळ चुकीच्या लिहिल्यात.

पहिली, बीड उष्णता सारखी पसरवत नाही. स्टीलपेक्षा जेमतेम तिप्पट, अ‍ॅल्युमिनियमच्या तर खूप मागे. मोठा बिडाचा तवा लहान आचेवर ठेवा आणि कोरड्या तव्यावर पीठ भुरभुरवा, मध्ये तांबूस गोल उठतो आणि कडा पांढऱ्या राहतात, डोळ्यांनी दिसतं. बीड उष्णता धरून ठेवतं कारण ते जड असतं, पसरवणं वेगळं आणि धरणं वेगळं.

दुसरी, विष. नॉनस्टिकचा लेप म्हणजे पीटीएफई, 1938 साली सापडला. नेहमीच्या स्वयंपाकाच्या तापमानाला तो कशाशी रिअ‍ॅक्ट होत नाही आणि त्याचा कण पोटात गेला तर तसाच बाहेर पडतो. ज्यावरून एवढं रान उठलं ते पीएफओए हे लेप बनवताना वापरायचं रसायन होतं, अमेरिकेतल्या मोठ्या उत्पादकांनी 2015 पर्यंत ते बंद केलं आणि 2019 मध्ये ते स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे घातक टिकाऊ रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत गेलं. धोका आहे तो रिकामं भांडं मोठ्या आचेवर विसरण्यात. साधारण 260 अंशांच्या वर लेप बिघडायला लागतो, 350 च्या पुढे धूर वाईटच, पाळीव पक्षी त्याने मरतात. म्हणून मंद ते मध्यम आच, लाकडी किंवा सिलिकॉनचं उलथणं, आणि लेप उडायला लागला की भांडं बाद. एवढं पाळलं तर वापरा की.

बिडाचा_गडी:
कंपन्या एक रसायन बंद करतात आणि त्याच घराण्यातलं दुसरं आणतात, त्याबद्दलही आता शंका निघतायत, ते नाही लिहिलंत. आणि दोन-तीन वर्षांत फेकायची वस्तू हौसेने विकत घ्यायची हे मला पटतच नाही. माझ्या आजीचा तवा मी वापरतो. त्याला आजतागायत साबण लागलेला नाही, म्हणून तो टिकला.

रात्रीची_घासणी:
साबण लागलेला नाही?? म्हणजे मागच्या आठवड्याचं खवट तेल या आठवड्याच्या जेवणात. अहो, बिडावरचा काळा थर म्हणजे नुसतं तेल नसतं, तेल तापून कडक झालेलं, धातूला घट्ट धरलेलं आवरण असतं ते. पूर्वीच्या साबणात कॉस्टिक असायचा, तो हे आवरण खायचा, म्हणून ती ताकीद. आताच्या भांडी घासायच्या लिक्विडने थर जात नाही. जातो तो आंबट रस्सा तासभर शिजवल्याने, रात्रभर पाण्यात भिजत ठेवल्याने आणि डिशवॉशरने.

बिडाचा_गडी:
तुम्ही तुमच्या तव्याला लावा साबण. आजीच्या तव्याला मी लावणार नाही.

मंद_आच:
माझा अनुभव साबणाच्या बाजूने आहे. मी दर वेळी दोन थेंब लिक्विड आणि मऊ ब्रश वापरते, मग लगेच आचेवर ठेवून पूर्ण कोरडा करते, फडक्याला तेलाचं बोट लावून पुसते आणि परत कोरड्या फडक्याने ते तेल जवळजवळ निघेल इतकं पुसते. शेवटचं पुसणं लोक विसरतात. तेल जास्त राहिलं की थर चिकट होतो, बोटाला गोंदासारखा लागतो आणि मग सगळे म्हणतात साबणाने बिघडला.

बिडाचा_गडी:
तेल कमी लावायचं हे मान्य. साबणाचं नाही.

कोरडं_फडकं:
एवढं लिहून शेवटी "साबणाचं नाही". कारण काय? आजीने लावला नाही, एवढंच ना? आजीच्या वेळचा साबण वेगळा होता हे वर लिहिलंय, वाचा तरी.

बिडाचा_गडी:
आजीवर जाऊ नका. तवा माझ्यासमोर आहे, त्यावर अंडं सरकतं, यापुढे मला पुरावा नको.

रात्रीची_घासणी:
साबणावरून एवढं भांडताय पण मूळ गोष्ट कुणी बोलतच नाहीये. ही भांडी घासतं कोण? मला या सगळ्या सुंदर स्वयंपाकघरांचा राग याचसाठी येतो, की निवडणारी व्यक्ती एक आणि घासणारी दुसरी. आमच्याकडे मॅट फिनिशच्या गडद राखाडी प्लेटा आल्या. पंधरा माणसं जेवायला होती, सगळ्यांनी वा वा केलं. रात्री सिंकपाशी उभी राहिले तर प्रत्येक प्लेटवर काट्या-सुऱ्यांच्या चंदेरी रेघा. ओरखडे वाटतात पण ओरखडे नसतात ते, मॅट ग्लेझ, म्हणजे प्लेटवरचा काचेसारखा पण बिनचकाकीचा लेप, बारीक खरखरीत असतं आणि चमच्याचा धातूच त्यावर घासून बसतो. बेकिंग सोड्याची घट्ट पेस्ट करून एकेक प्लेट बोटाने चोळत बसले. पुढच्या जेवणाला परत तेच. चकचकीत ग्लेझच्या साध्या पांढऱ्या प्लेटांवर हे फार कमी होतं.

तसंच सोनेरी काठाचं. मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही, डिशवॉशरमध्ये काठ झिजतो, म्हणजे सगळं हाताने. अरुंद तोंडाचा जग, ज्यात हात जात नाही. नक्षीच्या खाचा असलेले बोल, ज्यात रस्सा वाळून बसतो. ज्याला जे घ्यायचंय त्याने आधी ते महिनाभर स्वतः घासावं.

ओटा_चकाचक:
@रात्रीची_घासणी, आमच्याकडे मीच निवडते आणि मीच घासते, तेव्हा तो आरोप मला लागू नाही. आणि घासणं हाच निकष असेल तर सगळ्यात पटकन धुवून होतं ते नॉनस्टिकच, दोन बोटं फिरवली की स्वच्छ. बिडाचा तवा धुवा, वाळवा, तापवा, तेल लावा, पुसा, परत पुसा, इतका वेळ ज्याला असेल त्याने खुशाल घ्यावा.

रात्रीची_घासणी:
हे मात्र खरं आहे, कबूल करायला आवडत नाही तरी.

कान_तुटका_कप:
अवांतर आहे, पण प्लेटांचा विषय निघालाय म्हणून. शाकाहारी पाहुणे असतील तर बोन चायना घेताना विचार करा. त्यात खरंच हाडांची राख असते, बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास. माझ्याकडे एकांनी प्लेट उलटी करून तळाचा शिक्का वाचला आणि काही न बोलता बाजूला ठेवली, मग मी त्यांना स्टीलच्या ताटात वाढलं, पण जेवणभर मलाच चुटपुट. साधं पोर्सेलीन किंवा ओपल काच (दुधी पांढरी काच) घेतली की प्रश्नच नाही.

कोरडं_फडकं:
ओपल काच हलकी आणि मजबूत, मान्य, पण फुटली की बारीक अणकुचीदार तुकडे लांबवर उडतात, लहान मुलं असतील तर लक्षात ठेवा. आणि ओव्हनमधून थेट टेबलावर ठेवायची काचेची भांडी घेताना बोरोसिलिकेट आहे का ते बघा, तापमानाच्या झटक्याने साध्या काचेच्या मानाने ती फार कमी प्रसरण पावते. तरीही गरम भांडं ओल्या ओट्यावर टेकवू नका, कुठलंच.

तांबट_गल्लीचा_चाहता:
कुणी तांब्याचं नावही काढलं नाही? टेबलावर तांब्यासारखं दुसरं काही दिसत नाही आणि आच कमी केली की तत्क्षणी ऐकतं. आतून कल्हई हवी मात्र, नाहीतर आंबट पदार्थात तांबं उतरतं. कल्हईचं कथील 232 अंशांना वितळतं, म्हणून रिकामं भांडं आचेवर ठेवायचं नाही.

रात्रीची_घासणी:
आणि ते दर आठवड्याला उजळवायचं कोणी?

जाड_बूड:
साबणाच्या युद्धातून वाट काढत उत्तर देतोय.

@ओटा_चकाचक, एकात एक बसणं आणि झाकण दोघांना चालणं हे मुद्दे मला मान्य करावे लागतायत, माझ्या फडताळातून खालचं पातेलं काढताना आवाज शेजारी जातो. मनगटाचंही बरोबर. पण त्याला उत्तर सेट नाही, समोरच्या बाजूला दुसरा छोटा कान असलेलं भांडं आहे, वजन दोन हातांत वाटलं जातं. एक नॉनस्टिक पॅन घरात असावा, अंड्यासाठी, यालाही माझी हरकत नाही. हरकत आहे ती बाराच्या बारा भांड्यांना तोच लेप देण्याला. रस्सा उकळायच्या खोल पातेल्याला निसरडा लेप कशाला? तिथे कुठे काय उलटायचंय? तो लेप दोन-तीन वर्षांनी गेला की अख्खा सेट एकदम जातो.

आणि विजोड भांडी म्हणजे निष्काळजीपणा हे वाक्य मी आजही खोडून काढीन.

ओटा_चकाचक:
ते वाक्य मलाही आवडलं नव्हतं. ठीक आहे, मग नुसती टीका करण्यापेक्षा नीट सांगा. माझी बहीण नव्या घरात राहायला जातेय, घरात एकही भांडं नाही, आच गॅसचीच. सेट नको म्हणता तर पहिलं काय घ्यायचं?

जाड_बूड:
पहिलं ट्रायप्लायचं साधारण तीन लिटरचं खोल पातेलं, दोन्ही बाजूंना कान, झाकणासकट. उकळणं, शिजवणं, रस्सा, सूप सगळं त्यात होतं आणि पाहुणे आले तर तसंच टेबलावर ठेवता येतं. तिला एक सांगा, मीठ गार पाण्यात टाकून तसंच ठेवायचं नाही, तळाला बारीक खड्डे पडतात, पाणी तापल्यावर टाकून ढवळायचं. निळसर झाक आली तर घाबरायचं नाही, व्हिनेगरने पुसली की जाते.

मग एक मध्यम नॉनस्टिक पॅन. मग महिनाभर काहीच घेऊ नका, रांधताना कशावाचून अडतं ते तिचं तिलाच कळेल.

बिडाचा_गडी:
आणि तिसरा बिडाचा तवा.

रात्रीची_घासणी:
आणि तो साबणाने धुवायचा.