छोट्या शिडाच्या बोटीवर कॉफी : कललेला मोका पॉट आणि पिवळी ज्योत

सुकाणूधारी (प्रश्न)

माझी बोट २६ फुटी आणि एका डोलकाठीची आहे. आतल्या जिन्याशेजारी दोन बर्नरची, झुल्यावर बसवलेली गॅसची शेगडी आहे. कॉफीसाठी मी ॲल्युमिनियमचा मोका पॉट वापरतो (खालच्या भांड्यातले पाणी वाफेच्या दाबाने मधल्या नळीतून, कॉफीच्या पुडीतून वर चढवणारे भांडे). अलीकडे त्याच्या खालच्या भांड्यात आतून पांढरट पुटे आणि बारीक खड्डे दिसू लागले आहेत. शिवाय बोट एका अंगावर कललेली असली, की निम्मेअधिक पाणी खालीच राहते आणि पॉट वेळेआधीच फुरफुरू लागतो. शेगडीची ज्योतही निळीऐवजी पिवळी येते व बुडाला काजळी धरते. मोका पॉट सोडून प्लास्टिकचा हाताने दाबायचा प्रेस घ्यावा, की गॅसचा नाद सोडून इन्व्हर्टरवर विजेची किटली चालवावी, याबद्दल अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

नांगरदोर

कॉफीचे भांडे बदलण्याआधी शेगडी तपासावी, असे मी सुचवेन. झुल्यावरची शेगडी मोकळी झुलत असेल, तर बोट एका अंगावर कलली तरी तिच्यावरचे भांडे सपाटच राहायला हवे. आपला पॉट कलतो आहे, पाणी एका बाजूला जाऊन मधल्या नळीचे तोंड लवकर उघडे पडते आहे, याचा अर्थ शेगडी अडकते आहे. बहुतेक वेळा ती ज्यांवर झुलते त्या दोन्ही बाजूंच्या खुंट्यांवर मिठाचा थर साचलेला असतो. शेगडी उतरवून खुंट्या गोड्या पाण्याने धुवाव्यात, कोरड्या कराव्यात आणि पाण्याने सहजी न धुपणारे ग्रीस अगदी थोडे लावावे. (बोट पुढे-मागे डुलते तेव्हा मात्र हा झुला कामाचा नाही, कारण तो एकाच अक्षाभोवती फिरतो.)

त्याच वेळी शेगडीच्या मागची रबरी नळी हात लावून पाहावी. प्रत्येक हेलकाव्यासरशी ती वाकते, आणि ताठर झाली असेल तर तीच शेगडीला मागे ओढून धरते. वाकण्याच्या जागी भेगा दिसल्या किंवा नळीवर छापलेली मुदत उलटून गेली असेल, तर दुरुस्तीचा विचार न करता नवी नळी घालावी. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळालेला गॅस वर निघून जात नाही, तर बोटीच्या तळाशी साचतो आणि एका ठिणगीची वाट पाहतो. सिलेंडरची पेटी घट्ट बंद व तळातून थेट बाहेर निचरा होणारी हवी, ती एवढ्याचसाठी.

पिवळी ज्योत म्हणजे बर्नरला हवा पुरत नाही. हवेच्या छिद्रांत मीठ, धूळ, कधी कोळ्याचे जाळेही असते. मऊ ब्रशने ती साफ करावीत, पण जेटच्या (गॅस सोडणाऱ्या तोटीच्या) भोकात सुई घालू नये, कारण भोक केसभर जरी मोठे झाले तरी गॅस जास्त येतो आणि ज्योत आणखी बिघडते. तोपर्यंत छताची झडप (हॅच) उघडी ठेवूनच शेगडी पेटवावी, कारण अर्धवट जळणाऱ्या गॅसातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वास नसतो.

भरतीओहोटी

शेगडीबद्दल वरील सर्व मान्य. भांड्याबाबत मात्र माझे मत प्रचलित सल्ल्याच्या उलट आहे. प्लास्टिकचा प्रेस गंजत नाही व फुटत नाही, हे खरे. परंतु त्यात उकळते पाणी ओतावे लागते आणि मग मगावर ठेवून जोराने दाबावे लागते, आणि भाजण्याचे प्रसंग नेमके याच दोन क्षणी येतात. मोका पॉटमध्ये पाणी थंड असतानाच भरले जाते व पुढे ते बंद भांड्यातच राहते. म्हणून स्टेनलेस स्टीलचा मोका पॉट घ्यावा, तोही रुंद बुडाचा, आणि शेगडीवरच्या पकडदांड्यांत तो घट्ट बसतो याची खात्री करावी. खड्डे पडलेल्या ॲल्युमिनियमच्या भांड्याची निगा राखण्यात अर्थ उरत नाही.

नव्या पॉटची निगा सोपी आहे. वापरानंतर गोड्या पाण्याने धुऊन तिन्ही भाग सुटे वाळवावेत, कडक झालेले वॉशर बदलावे आणि सुरक्षा झडपेची पिन बोटाने हलते का ते अधूनमधून पाहावे. पाणी झडपेच्या खालीच राहू द्यावे. ओतताना कॉफीचा मग हातात धरू नये. तो सिंकमध्ये ठेवावा, अर्धाच भरावा, आणि समुद्र खवळलेला असेल तर उकाड्याची पर्वा न करता जाड, जलरोधक विजार घालूनच शेगडीपुढे उभे राहावे.

नांगरदोर

विजेच्या किटलीचे राहून गेले. अर्धा लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला आणायला सुमारे ४७ वॅट-तास लागतात. वाया जाणारी ऊर्जा धरून १२ व्होल्टच्या बॅटरीतून जवळपास ५ अँपिअर-तास जातात, आणि एवढे परवडते. अडचण प्रवाहाची आहे. १५०० वॅटची किटली बॅटरीतून १२५ अँपिअरहून अधिक खेचते, त्या भाराखाली जुन्या लेड-ॲसिड बॅटरीचा व्होल्टेज कोसळतो आणि इन्व्हर्टर बंद पडतो. थेट १२ व्होल्टवर चालणाऱ्या १५० वॅटच्या किटलीला तेवढ्याच पाण्यासाठी वीस मिनिटे लागतात. रात्रीच्या पाळीसाठी संध्याकाळीच गॅसवर कॉफी करून थर्मासमध्ये भरणे, हा उपाय मला या दोन्हींपेक्षा शहाणपणाचा वाटतो.

सुकाणूधारी

आभार. नवी नळी जोडल्यावर गळती तपासण्याची खात्रीची पद्धत कोणती?

भरतीओहोटी

सिलेंडर व रेग्युलेटर यांच्यामध्ये दाबमापक बसवावा. शेगडीच्या कळा बंद ठेवून सिलेंडर उघडावा, काटा कोठे आहे ते टिपावे आणि सिलेंडर पुन्हा बंद करावा. पंधरा मिनिटांत काटा उतरला, तर कोठेतरी गळती आहेच. मग प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधावेत. काडी पेटवून पाहण्याची जुनी खोड कोणाला असेल, तर त्याला त्या वेळी बोटीवर घेऊ नये.