पतसंस्थेच्या ॲपचं सुरक्षेचं पान: '१०० टक्के सुरक्षित'ऐवजी काय लिहावं?

तळटीप:
पतसंस्थांसाठी मोबाइल ॲप, पाच जणांची टीम. साइटवर सुरक्षेचं पान टाकायचंय. मसुदा आलाय तो असा: '१०० टक्के सुरक्षित, बँकेच्या दर्जाचं एन्क्रिप्शन', शेजारी कुलपाचं चित्र. सभासद विचारतात वेगळंच: "आमचं खातं कोणकोण बघतं?" सगळा सोर्स कोड (ॲपचा मूळ प्रोग्राम) उघडा करणं जमणार नाही. मग विश्वास बसावा असं काय दाखवता येईल?

कडीकोयंडा:
आधी ते कुलूप काढा. खोटं निघालं तर तुम्हाला धरता येईल, अशीच वाक्यं पानावर हवीत. 'बँकेच्या दर्जाचं' कोण कसं तपासणार? त्यापेक्षा सरळ लिहा: 'सर्व्हर मुंबईत. तुमच्या नोंदी संस्थेचे क्लार्क आणि आमचे दोन डेटाबेस ॲडमिन वाचू शकतात. ॲडमिनने कुठलंही खातं उघडलं की त्याची नोंद होते.' अर्थात ती नोंद खरंच होत असेल तरच.

एन्क्रिप्शन उघडणाऱ्या चाव्या तुमच्याच सर्व्हरवर असतील तर 'एंड-टू-एंड' (म्हणजे दोन टोकांच्या माणसांशिवाय कोणीच, कंपनीही, वाचू शकत नाही) हा शब्द चुकूनही नको. झूमने तो वापरला, प्रत्यक्षात मीटिंगच्या चाव्या कंपनीकडेच होत्या; २०२० मध्ये अमेरिकेच्या एफटीसीने (ग्राहकहित बघणारी सरकारी संस्था) प्रकरण लावून धरलं आणि तडजोड करावी लागली.

दुसरं, कोणाला ॲपमध्ये सुरक्षेचा दोष सापडला तर तो कुठे कळवायचा ते सांगा. त्यासाठी साइटवर सिक्युरिटी.टीएक्सटी ही संपर्काची फाइल ठेवा, आरएफसी ९११६ या इंटरनेट मानकाप्रमाणे '.वेल-नोन' फोल्डरात, एचटीटीपीएसवर. सक्तीच्या ओळी दोनच, 'कॉन्टॅक्ट' आणि 'एक्स्पायर्स'. ईमेलच्या आधी 'मेलटू:' लागतं, ते बरेच जण विसरतात. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये टिंबाने सुरू होणारे फोल्डर अडवणारा नियम असेल तर ४०३ (परवानगी नाही) येतो. साइट सिंगल पेज ॲप असेल (कुठलाही पत्ता टाकला तरी एकच पान देणारी) तर त्याहून वाईट: स्टेटस २०० (सगळं ठीक) आणि आत होमपेजचं एचटीएमएल. म्हणून नुसता स्टेटस बघू नका, मजकूर बघा.

ठसेतज्ज्ञ:
सोर्स उघडा केला तरी विषय मिटत नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या, उघड्या सोर्सच्या प्रोग्रामच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत मागचं दार सापडलं. ते चालू करणारी बिल्डची (कोडपासून प्रोग्राम बनवण्याची) फाइल सगळ्यांना दिसणाऱ्या गिट रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, नव्हतीच; रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे वाटपाच्या गठ्ठ्यात, होती. कोड वाचणाऱ्यांना ती दिसणार कुठून?

तुमच्याकडे खरा धोका व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या नकली एपीकेचा (अँड्रॉइड ॲपची फाइल). ॲपवर डिजिटल सही करणाऱ्या साइनिंग सर्टिफिकेटचा एसएचए-२५६ ठसा (त्याची ओळख पटवणारी ६४ अक्षरं) पानावर द्या. एपीकेसाइनर या सही तपासणाऱ्या साधनाला 'व्हेरिफाय' आणि 'प्रिंट-सर्ट्स' दिलं की संस्थेचा संगणकवाला तो मिनिटभरात ताडून बघेल.

इथे हमखास होणारी चूक: प्ले ॲप साइनिंग (प्ले स्टोअरची सही करण्याची सेवा) चालू असेल तर फोनवर पोचणाऱ्या ॲपवर गूगलकडच्या चावीची सही असते, तुमच्या अपलोडच्या चावीची नाही. अपलोडचा ठसा छापलात तर खरं ॲपही नकली ठरेल. प्ले कन्सोलमधल्या ॲप साइनिंगच्या पानावरचा घ्या. अख्ख्या फाइलचा हॅश (तसाच ठसा, पण फाइलचा) देऊन उपयोग नाही, कारण तुम्ही अपलोड केलेल्या एएबी फाइलमधून प्ले प्रत्येक फोनसाठी वेगळे तुकडे बनवतं. आणि ठसा फक्त साइटवर नको. साइट फोडणारा तोही बदलेल. संस्थेच्या सूचनाफलकावर छापील लावा.

लॉगवाला:
वरच्या गोष्टी ठीक, पण पान खरं की दिखाऊ ते घटना घडल्यावर कळतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार नमूद प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवायच्या आणि लॉग (यंत्रणेतल्या हालचालींच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे. शनिवारी रात्री सिक्युरिटीच्या मेलबॉक्सवर कोणाची पाळी, ते आजच ठरवा.

सभासदांसाठीच्या निवेदनात चार गोष्टी: कधीपासून कधीपर्यंत, कुठली माहिती, ॲपची कुठली आवृत्ती, त्यांनी आता काय करायचं. नंतर आकडा बदलला तर जुना खोडू नका, खाली तारखेसह दुरुस्ती जोडा. रिलीज नोट्समध्ये सुरक्षेची दुरुस्ती 'किरकोळ सुधारणा' म्हणून दडपू नका, लोक अपडेट टाळतात.

तळटीप:
'एक्स्पायर्स'ची तारीख किती लांबची द्यायची? पाच वर्षांची टाकली तर कटकट संपेल.

कडीकोयंडा:
वर्षाच्या आतली द्या, आरएफसीचीही तीच शिफारस आहे. तारीख उलटली की फाइल शिळी समजतात, कळवणाऱ्याला वाटतं पलीकडे कोणी नाही. सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चाचण्या घेणारी यंत्रणा) तपासणी घाला: ३० दिवसांपेक्षा कमी उरले की बिल्ड पडला पाहिजे. तेव्हाच मेल पाठवून उत्तर येतं का तेही बघा.