काम 'पूर्ण' झालं असं नक्की कधी म्हणायचं? (चर्चा)

डिचोलीकर: परवा गोव्यात आमच्या गावच्या ग्रामसभेत पंचाने (पंचायत सदस्याने) एका कंत्राटदाराच्या पूर्ण झालेल्या कामांची यादी वाचून दाखवली, रस्त्याचं हॉटमिक्स डांबरीकरण, दोन साकवांची (छोट्या पुलांची) दुरुस्ती, गटार रुंद केलं, दिवे बदलले, वर टाळ्याही पडल्या. माझं म्हणणं एवढंच की बिल पास झालं म्हणजे काम पूर्ण नव्हे. डीएलपी म्हणजे मोफत दुरुस्तीची जी मुदत असते ती संपल्यावरच काम यादीत घाला, तोवर 'चालू' लिहा. पणजीचा मांडवीवरचा अटल सेतूच बघा, जानेवारी २०१९ मध्ये उद्घाटन, नि २०२३ मध्ये वरचा थर नव्याने घालायला बंद ठेवावा लागला. पूल मजबूत आहे, मान्य, पण गाडी पुलाच्या वरच्या थरावरूनच जाते ना!

साइटवाला: भाई मी याच धंद्यात आहे, रागावू नका. एस्टिमेट सरकारी बांधकाम खातं करतं, किती जाडीचा थर घालायचा तेही खातंच ठरवतं, आम्ही त्यात लिहिलंय तेवढंच करतो. खालचा पाया खचलेला असताना वरून नुसतं हॉटमिक्स मारायला सांगितलं तर ते टिकणार कसं? त्यात आपल्याकडचा पाऊस, गटार तुंबलं की पाणी रस्त्यावर, ते आत मुरलं की डांबर खडीला सोडतं, मग एका टेंपोने पण खड्डा पडतो. आणि हे सगळं नीट केलं तरी महिन्याभरात पाण्याच्या पायपवाले नाहीतर केबलवाले येऊन खणतात, वर माती लोटून जातात. डिपॉझिट मात्र आमचं अडकून पडतं.

फोंड्याची वैनी: खणणाऱ्यांचं खरं आहे. पणजीत स्मार्ट सिटीच्या कामांत हेच पाहिलं, एक बुजवतोय तर दुसरा खणतोय. पण साइटवाले, पाया खचलेला दिसतोय तर काम घेताना लिहून का देत नाही तुम्ही? टेंडर भरताना सगळे गप्प, खड्डा पडला की पाया आठवतो.

साइटवाला: लिहून दिलं तर पुढचं काम मिळत नाही वैनी, आता काय सांगू.

म्हापशेकर: मग पणजीची कला अकादमी? नूतनीकरण चालू असताना जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचाचं छप्पर कोसळलं. काम टेंडर न काढताच दिलं होतं, त्यावरून विधानसभेत किती गदारोळ झाला. यादीत ते कुठे लिहायचं?

पेडण्याचो: ते छप्पर जुनं होतं, त्याचा नि नव्या कामाचा संबंध नाही असंही सरकारने म्हटलंय, एकत्र कालवू नका.

म्हापशेकर: जुनं होतं म्हणूनच तर आधी तपासायला हवं होतं ना पात्रांव! दुरुस्तीचं काम म्हणजे दुसरं काय असतं?

जुनो मांडवीकार: डिचोलीकर, तुमचा नियम ऐकायला बरा वाटतो पण अपुरा आहे. मांडवीवरचा पहिला पूल १९७० च्या सुमारास सुरू झाला आणि ५ जुलै १९८६ ला कोसळला, मग किती वर्षं आम्ही फेरीच्या रांगेत काढली ते आम्हालाच ठाऊक. आतलं पोलाद खाऱ्या हवेत गंजत गेलं, बाहेरून कोणाला कळलं नाही. तुमची ती मोफत दुरुस्तीची मुदत धरली असती तर तो पूलही 'पूर्ण, उत्तम' म्हणून यादीत बसला असता. कंत्राटदार निघून जातो हो, पण नंतर दरवर्षी तपासणी कोण करतं ते विचारा.

डिचोलीकर: काका, पुलाचं पटलं. पण माझ्या वाड्यावरच्या रस्त्याला पोलाद नाही, दोन पावसाळे जरी निघाले तरी मी हार घालीन. २०२४ च्या पावसाळ्यानंतर खराब रस्त्यांसाठी कंत्राटदार नि इंजिनियर दोघांनाही नोटिसा गेल्याच की, म्हणजे सरकारलाही कळतंय. निदान प्रत्येक कामाच्या फलकावर मुदत कधी संपते ती तारीख तरी लिहा.

साइटवाला: लिहा, माझी हरकत नाही. त्याच फलकाखाली रस्ता नंतर कोणत्या खात्याने कधी खणला तेही लिहा मग.

फोंड्याची वैनी: दोन्ही लिहा. आमच्याकडे तर गणेश चवथीच्या आधी आठ दिवस खड्ड्यांत खडी टाकून जातात, त्याचा फलक कोणी लावायचा?