'आयआर फिल्टर' नक्की काय गाळतो? मराठीत काय म्हणायचं?

खिडकीतून: आमच्या सोसायटीच्या गेटवरचा कॅमेरा महिनाभर येड्यासारखं करतोय, दिवसा झाडं गुलाबी आणि वॉचमनची काळी पँट चक्क वांगी रंगाची. रिपेअरवाला वर चढला आणि म्हणाला, "साहेब, आयआर फिल्टर अडकलाय." इकडे माझ्या भावाने फोटोग्राफीसाठी आयआर फिल्टर घेतलाय, तो डोळ्यासमोर धरला तर काळाकुट्ट, आणि तो म्हणतो ह्यातून फक्त इन्फ्रारेड (आयआर म्हणजे हेच, डोळ्याला न दिसणारा उजेड) जातो. मग एकाच नावाच्या दोन वस्तू उलटी कामं करतात का? आणि मराठीत काय, अवरक्त गाळणी?

सोल्डरगन: हो, उलटीच. आपल्याला साधारण 400 ते 700 नॅनोमीटर तरंगलांबीचा उजेड दिसतो पण कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनच्या सेन्सरला 1100 पर्यंत, म्हणजे इन्फ्रारेडही दिसतो, म्हणून दिवसा मधे एक काच आडवी ठेवतात, ती इन्फ्रारेड अडवते आणि रंग ठीक येतात. अंधार पडला की बारीकशी मोटर ती काच बाजूला सरकवते (संध्याकाळी कॅमेऱ्यातून 'टक्' आवाज येतो तो हाच) आणि 850 नॅनोमीटरच्या एलईडींच्या उजेडात काळंपांढरं चित्र दिसतं. तुमची काच बाजूलाच राहिलीये. भावाकडची काच दिसणारा उजेड अडवते. तसलीच टीव्हीच्या खालच्या कडेला असते बघा, रिमोट जिथे धरतो तिथलं काळपट प्लास्टिक, त्यातून रिमोटचे 940 वाले किरण आरामात जातात.

पाटावरवंटा: घोळ इंग्रजीत आहेच पण मराठीत 'गाळणे' त्याहून बेरकी. गाळलेला चहा म्हणजे जो कपात आला तो. आणि 'गाळलेल्या जागा भरा' मधे गाळलेलं म्हणजे जे नाहीच ते! मग 'अवरक्त गाळणी' ऐकून एकाला वाटणार इन्फ्रारेड कपात आला, दुसऱ्याला वाटणार चोथ्यात गेला. 'चाळणे'चं तसं नाही, चाळलेलं पीठ म्हणजे खाली पडलेलंच. तांदूळ निवडताना तर खडे काढतो तरी 'खडे निवडले' पण म्हणतो आणि 'तांदूळ निवडले' पण. त्यामुळे सरळ अवरक्तरोधक आणि अवरक्तपारक म्हणा, भांडण मिटेल.

सोल्डरगन: रोधक पटलं. पण गाळणी शब्दावर माझा दुसराच आक्षेप आहे. गाळणीत चोथा अडकून राहतो. निळसर काचेचे फिल्टर असतात त्यांचं तसं म्हणता येईल, ते इन्फ्रारेड पोटात घेतात. पण थर दिलेल्या काचेत काहीच अडकत नाही. टायटॅनियम डायऑक्साइड, सिलिकॉन डायऑक्साइड असे आलटून पालटून पातळ थर, प्रत्येकाची जाडी तरंगलांबीच्या साधारण पाव, त्यामुळे थराथरावरून परतणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळून जोर धरतात आणि इन्फ्रारेड आल्या पावली मागे. पावसात रस्त्यावर पेट्रोल सांडलं की रंग दिसतात ना, तीच करामत पण मोजूनमापून केलेली. आणि मान तिरकी केली की ते रंग बदलतात तसंच इथेही, उजेड तिरका आला की अडवायची हद्द निळ्याकडे सरकते आणि चित्राच्या कडेला लाल रंग मार खातो. म्हणून काही ठिकाणी निळी काच आणि थर दोन्ही वापरतात.

आंबटगोड: म्हणजे गाळणी नाही, सूप! पाखडतंय ते.

खिडकीतून: मी उत्साहात सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, 'अवरक्तरोधक काच अडकली आहे'. सेक्रेटरींचा लगेच फोन, रक्त कुठे सांडलं म्हणून 😅

पाटावरवंटा: 😂 इथे रक्त म्हणजे लाल हो, रक्तचंदनातलं. अव म्हणजे खाली, अवरोहातलं. लॅटिनमधे इन्फ्रा म्हणजे पण खालीच. खगोलशास्त्रज्ञ हर्शेलने 1800 साली लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यात लालच्या पलीकडे थर्मामीटर ठेवला, डोळ्याला तिथे काहीच दिसत नव्हतं आणि पारा मात्र चढला. कंपनसंख्या लालपेक्षा कमी म्हणून 'खाली'. दुसऱ्या टोकाला जंबुपार आहे, किती गोड शब्द, तो सोडून आपण अतिनील म्हणत बसतो.

आंबटगोड: ताप बघायचा थर्मल कॅमेरा पण यातलाच का?

सोल्डरगन: नाव तेच, पण तो 8 ते 14 मायक्रॉनचा (म्हणजे 8000 ते 14000 नॅनोमीटर). तिथे साधी काचच भिंत होते, खिडकीमागचा माणूस दिसत नाही, म्हणून लेन्स जर्मेनियमची. त्याचा वेगळा धागा काढा.

@खिडकीतून, रिपेअरवाल्याला मात्र 'आयआर-कट' (इन्फ्रारेड अडवणारा) असंच सांगा, नाहीतर भावासारखी काळी काच बसवून जाईल.